शिडीचं सोडा, बंब गेटातून आत येईना

शुक्रवारी पहाटे तीनला आमच्या बिल्डिंगच्या मीटर रूममधून धूर यायला लागला. मी अकराव्या मजल्यावर राहते. आई गुडघ्यांची. लिफ्ट बंद, जिन्यात काळोख. तिला धरून खाली उतरले तेव्हा बंब आलेला होता, पण ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या आतल्या गल्लीतच उभा. कारण गेटच्या आत दोन्ही बाजूंना गाड्या, आणि वळणावर, भिंतीतून बाहेर आलेल्या त्या चार तोंडांच्या लाल पाइपाला अगदी चिकटून, कव्हर घातलेली पांढरी एसयूव्ही. आमच्या खजिनदारांची. खजिनदार खाली आलेले, चावी एकोणिसाव्या मजल्यावर.

त्या लाल पाइपावर आमचा वॉचमन टॉवेल वाळत घालतो. बंबातलं पाणी तिथून रायझरमध्ये, म्हणजे मजल्यामजल्यावर जाणाऱ्या उभ्या पाइपात, सोडून वर पोचवतात, हे किती जणांना माहीत आहे?

जवान थांबले नाहीत. वीज तोडली, पावडर मारली, मीटर रूम आटोक्यात आली. पण वायरी वर नेणाऱ्या डक्टमध्ये धुमसत होतं, म्हणून चौथ्या मजल्यावरचा होज बॉक्स, म्हणजे आग विझवायच्या पाइपाची पेटी, उघडला. आत नोझल नाही! पितळेचं होतं ना, भंगारात गेलं असणार. नोझलच्या जागी एक खराटा आणि दिवाळीतली उरलेली रांगोळी. आणि आगीसाठीचा पंप? पॅनलवर ‘ऑफ’. रात्री आपोआप सुरू होऊन आवाज करतो, पहिल्या मजल्यावाल्यांची झोपमोड होते, म्हणून बंद ठेवलेला. एका जवानाने मला विचारलं, "ताई, पंप कोण चालू करतं इथे?" लाजेने मान खाली गेली माझी. शेवटी त्यांनी रस्त्यावरच्या बंबापासून पाइप ओढत आणला.

राज्याचा अग्निसुरक्षा कायदा २००६ चा आहे. दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून ‘सगळं चालू आहे’ असं फॉर्म बी भरून द्यायचं. आमचं वेळच्या वेळी जातं हो! फाइल बघा, कशी चकाचक. सही करणाऱ्याने चौथ्या मजल्यापर्यंत तरी चढून पाहिलं का, हे त्यालाच ठाऊक.

आणि सोसायटीच्या ग्रुपवर चर्चा कसली? ‘ठाण्याच्या अग्निशमन दलाकडे उंच शिडी आहे का?’ अहो, समजा सत्तर मीटरची आली. मजला तीन मीटरचा धरा, तेविसाव्यापर्यंत जेमतेम. ती गाडी चार पाय पसरून उभी राहते, तिला टणक, मोकळी जागा लागते. आमच्याकडे मोकळ्या जागेत कारंजं आहे. बंद.

महापालिकेलाही मी सोडणार नाही. चाळीस-चाळीस मजल्यांना परवानगी देताना यांनाही माहीत असतं की शिडी तिथवर जाणार नाही. वरची आग बिल्डिंगने स्वतःच विझवायची: स्प्रिंकलर, रायझर, पंप, टाकी. सगळा हिशेब त्या भरवशावर. मग तो भरवसा कागदावर तपासून कसं चालेल? रायझर कोरडा असला की जवानांनी पाठीवर सिलिंडर घेऊन, खांद्यावर पाइप टाकून तीस जिने चढायचे. त्या सिलिंडरमधली हवा साधारण अर्ध्या-पाऊण तासाची. चढता चढता किती संपते, याचा हिशेब कोणी करायचा? वर घोडबंदर रोडवरची ट्रकांची रांग आणि मेट्रोचं काम पार करून यायचं ते वेगळंच.

१४ एप्रिलला मात्र सगळे हळवे होतात. १९४४ साली मुंबईच्या गोदीतल्या स्फोटात गेलेल्या जवानांचे फोटो, हात जोडलेले इमोजी. ते फॉरवर्ड करणाऱ्यांत आमचे खजिनदार पहिले.

रविवारी मीटिंग झाली. पहिला विषय व्हिजिटर पार्किंगचे दर, दीड तास. आगीचा विषय ‘आयत्या वेळचे विषय’मध्ये, तोवर निम्मी मंडळी जेवायला गेलेली. नोझलसाठी तीन कोटेशनं मागवायची ठरलंय.

आज सकाळी दूध आणायला खाली गेले. एसयूव्ही तिथेच. कव्हर तेवढं धुऊन घातलंय.