सही ताईचीच आहे, मग प्रश्न काय?

काल कट्ट्यावर विषय निघाला तो मास्तरच्या ताईवरून. भावजी रिटायर झाले, एफडी मॅच्युअर झाली आणि दोनच दिवसांत बँकेतून फोन, की मॅडम पैसे नुसते पडून कशाला ठेवता, एफडीसारखंच एक आहे आपल्याकडे, व्याज मात्र जास्त. ताई गेली, पेन्सिलीने फुल्या मारलेल्या होत्या तिथे तिथे सह्या करून आली आणि तीन वर्षांनी हातात आलं निम्मं मुद्दल. मास्तरने बँकेचं नाव घेऊन शिव्या घातल्या, मी इथे नाव लिहीत नाही.

वकिलाने विचारलं, "पण होतं काय ते नक्की?"

मास्तरने मोबाईलवर कागदाचा फोटो दाखवला. तीन शेअर्सना जोडलेली नोट, म्हणजे पैसे घेऊन दिलेला कर्जाचा कागद, ज्याचा परतावा त्या शेअर्सवर ठरतो. शेअर्स ठरलेल्या पातळीच्या वर राहिले तर व्याज मिळणार, पण मुदत संपताना तिघांतला एक जरी सुरुवातीच्या भावाच्या ६० टक्क्यांखाली गेलेला असला तर मुद्दल त्या एकाच्या हिशेबाने परत, बाकीचे दोन दुप्पट झाले असले तरी. "म्हणजे वर्गातल्या सगळ्यात ढ पोराचे मार्क अख्ख्या वर्गाला," मास्तर म्हणाला. शिक्षक माणूस, त्याला असंच सुचणार.

मॅनेजर आमच्यातलाच, पण दुसऱ्या बँकेत. तो म्हणाला, "वाईट झालं, पण सही ताईंचीच ना? कागदावर लिहिलंय मुद्दल जाऊ शकतं म्हणून. उद्या प्रत्येक जण म्हणेल मला कळलं नव्हतं, मग बँकेने धंदा कसा करायचा?"

धाकट्याला तर चेवच आला. तो स्वतः शेअर बाजारात ऑप्शन खेळतो, त्यामुळे जगात कुणी बुडालं की त्याला वाटतं अभ्यास कमी पडला. "व्याज जास्त दिसलं तेव्हा कुणी तक्रार नाही केली. मिळालं तर माझी हुशारी आणि गेलं तर बँकेने फसवलं, असं कसं चालेल?"

मला वाटलं वकील भडकेल, पण तो शांतपणे म्हणाला की सहीवर विषय संपत नाही, आणि थेट जर्मनीत गेला. तिथल्या सर्वोच्च दिवाणी कोर्टाने १९९३ मध्येच सांगितलं की ग्राहक पैसे कुठे गुंतवू म्हणून विचारायला आला आणि बँक त्याच्याशी त्यावर बोलायला बसली, तर तिथेच सल्ल्याचा करार झाला, वेगळा कागद नसला तरी. आणि सल्ला दोन्हीकडून बसला पाहिजे, हा माणूस कोण आहे, त्याला किती झेपतं तेही बघायचं आणि ती वस्तू काय आहे तेही. "म्हणजे धोका सांगितला की सुटलो असं नाही. ताईसारखीला हे विकायलाच हवं होतं का, हा वेगळा प्रश्न आहे आणि खरा तोच आहे."

त्याच कोर्टाचा २०११ चा निकाल मला जास्त आवडला. बँकेने एका कंपनीला व्याजदरांवरचा स्वॅप, म्हणजे दोघांनी एकमेकांना व्याजाचे हप्ते द्यायचा करार, विकला होता, इतका अवघड की कंपनीच्या माणसांनाही धड कळणार नाही, आणि तो बांधतानाच असा बांधला होता की पहिल्याच दिवशी बाजारभावाने ग्राहक तोट्यात, तो फरक म्हणजे बँकेची कमाई. कोर्ट म्हणालं हे ग्राहकाला सांगायला हवं होतं, आणि वस्तू एवढी गुंतागुंतीची असेल तर तिच्या धोक्याबद्दल ग्राहकाला जवळपास बँकेइतकंच कळलं पाहिजे. आता ही कंपनी होती बरं का, ताई नाही.

"हे निकाल ठीक, पैसे मिळतात का कुणाला?" मॅनेजर.

मग हाँगकाँग निघालं. २००८ ला लीमन ही अमेरिकन बँक बुडाली तेव्हा तिथल्या तीस हजारांहून जास्त लोकांकडे मिनीबॉन्ड होते. नाव ऐकून वाटतं छोटासा बॉन्ड, साधाभोळा, पण आत होता दुसऱ्याच कंपन्यांच्या कर्जांवर लावलेला डाव आणि मागे लीमनचा स्वॅप. लोक रस्त्यावर आले, बँकांसमोर महिनोन् महिने बसले, आणि जुलै २००९ मध्ये १६ बँकांनी ते मुद्दलाच्या ६० टक्क्यांनी परत विकत घ्यायचं कबूल केलं, वय ६५ किंवा जास्त असेल तर ७० टक्क्यांनी. पुढे तारण मोकळं झालं तसं बऱ्याच जणांना आणखी मिळालं.

"ते आरडाओरडा केला म्हणून, कायद्याने कुठे?" धाकटा म्हणाला, आणि हे मात्र त्याचं बरोबर होतं. एकटी ताई बँकेसमोर बसली तर वॉचमन खुर्ची देईल फार तर.

आपल्याकडचंही निघालंच. येस बँकेचे एटी-१ बॉन्ड, म्हणजे बँक अडचणीत आली तर ज्यांचे पैसे शून्य करता येतात असे, मार्च २०२० मध्ये ८,४१५ कोटी एका फटक्यात शून्य, आणि त्यात साधे ठेवीदारही होते. त्यानंतर ऑक्टोबर २०२० ला सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने, नियम केला की असे बॉन्ड काढताना फक्त मोठ्या संस्थांनाच द्यायचे आणि बाजारातला एक लॉट, म्हणजे एका वेळी घ्यायचा गठ्ठा, किमान १ कोटीचा. म्हणजे साधा माणूस बाहेर. धाकट्याला हे पटत नाही, त्याचं म्हणणं माझे पैसे मी कुठेही घालवीन. मला यात काही वावगं दिसत नाही, औषधाच्या दुकानातही काही गोष्टी चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत.

एवढ्यात वकिलाने तो फोटो मोठा केला. ताईच्या प्रोफाइलचा फॉर्म, ग्राहकाला किती धोका झेपतो ते लिहायचा. जोखीम घेण्याची तयारी: आक्रमक. डेरिव्हेटिव्हचा, म्हणजे ऑप्शनसारख्या व्यवहारांचा, अनुभव: पाच वर्षांपेक्षा जास्त. मास्तर बघतच राहिला. ताईने आयुष्यात एक शेअर घेतलेला नाही.

कुणीच काही बोललं नाही, मग मॅनेजरच म्हणाला, "अरे सिस्टीम अडवते ना. सावध टाकलं तर हे प्रॉडक्ट उघडतच नाही स्क्रीनवर, मग पोरं मागे जातात आणि टिक बदलतात. महिना संपत आलेला असतो, टार्गेट बाकी असतं."

म्हणजे बघा, हा फॉर्म आणला ग्राहकाला वाचवायला आणि तक्रार गेली की बँक तोच पुढे करते की बघा, बाई आक्रमक आहेत, त्यांनीच लिहून दिलंय! माझं डोकं तिथेच फिरलं. सल्ला तोंडी असतो, सही कागदावर असते आणि कोर्टात गेलं की तोंडी काय बोलले ते सिद्ध करायचं ताईने. युरोपात २०१८ पासून अशा व्यवहारांबद्दलचे फोन रेकॉर्ड करून किमान पाच वर्षं ठेवावे लागतात, ते मला तीन पानी माहितीपत्रकापेक्षा जास्त कामाचं वाटतं, कारण माहितीपत्रकात "एफडीसारखंच" असं कुणी लिहीत नाही, ते फोनवरच म्हणतात.

मग कमिशन. ब्रिटनने २०१२ च्या अखेरीस आणि नेदरलँड्सने २०१३ पासून सल्लागाराने प्रॉडक्टवाल्याकडून कमिशन घेणंच बंद केलं. मॅनेजर म्हणाला मग सल्ल्याची फी ग्राहकाने द्यायची, थोडे पैसेवाल्यांना कोण विचारणार? ब्रिटनमध्ये ही तक्रार झालीही. पण मास्तरचं उत्तर होतं की ताईला तो सल्ला मिळाला नसता तर आज तिचे पैसे जागेवर असते, आणि यावर मॅनेजरकडे काही नव्हतं.

शेवटी वकिलाने मास्तरला विचारलं, "त्या पोराने ताईला व्हॉट्सअ‍ॅपवर कधी काही पाठवलं होतं का?"

"हो की, 'एकदम सेफ आहे मॅडम' वगैरे, तिने मला दाखवलेलं."

"तिला सांग डिलीट करू नको. आणि हा फॉर्म कुणी भरला, कधी भरला, ते बँकेकडे लेखी मागायचं, बदल केलेले असतील तर तेही. सिस्टीममध्ये जुनी नोंद राहत असेल ना रे?"

हे शेवटचं मॅनेजरला होतं. तो जरा वेळ चपलेशी खेळत बसला. मग म्हणाला, "राहते. वेळेसकट राहते. पण मी सांगितलं म्हणू नका."

मास्तर तोवर बाजूला जाऊन ताईला फोन लावत होता.