लिफ्ट केली म्हणून डिफ वर जात नाही

मारुतीची जिप्सी बाळगणाऱ्या प्रत्येकाला हा मेसेज एकदा तरी आलेला असणार. मला तीनदा आला, तिसऱ्यांदा सख्ख्या मेहुण्याकडून. मजकूर थोडक्यात असा: जुनी जिप्सी घ्या, सहा इंच लिफ्ट करा, 31 इंची मड टायर घाला, स्नॉर्कल (इंजिनला हवा वरून देणारी उंच नळी) लावा, पुढे लोखंडी बंपर आणि विंच (तार गुंडाळून अडकलेली गाडी ओढणारं यंत्र) बसवा. मग गाडी कुठेही जाते, शोरूमच्या नव्या गाड्या बघत राहतात, आणि कागदपत्रांचं कुणी विचारत नाही.

यातलं बरंचसं मी स्वतःच्या पैशाने करून बसलोय आणि पुन्हा पैसे खर्चून काढून टाकलंय. तेव्हा लिहायचा अधिकार आहे असं समजतो.

सुरुवात लिफ्टपासून करू, कारण सगळी गंमत तिथेच आहे. जिप्सीला पुढे-मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत आणि मूळ रचनेत ते अ‍ॅक्सलच्या, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या, खाली असतात. तेच पाटे अ‍ॅक्सलच्या वर घेऊन बसवले की गाडी पाच-सहा इंच उंच होते. वेल्डिंग जमणारा मिस्त्री हे काम दोन-तीन दिवसांत करून देतो, आणि गाडी गॅरेजमधून बाहेर पडते तेव्हा उंटावर बसल्यासारखं वाटतं. पण उंच झालं काय? चासी आणि बॉडी. अ‍ॅक्सल आणि त्यावरचा डिफचा, म्हणजे दोन्ही चाकांना जोर वाटणाऱ्या डिफरन्शियलचा, भोपळा जमिनीपासून जितका वर होता तितकाच आहे. कंपनी सांगते तो 210 मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स सगळ्यात खालच्या जागेचा, म्हणजे डिफपाशी मोजायचा. तिथे लिफ्टने एक मिलिमीटरही वाढत नाही.

हे मला कळलं भोरच्या पलीकडे, उसाचे ट्रॅक्टर जाऊन जाऊन पडलेल्या खोल चाकोऱ्यांत. चाकं चाकोरीत, मधे वाळून दगड झालेला उंचवटा. बॉडी त्याच्या हातभर वर मिरवत होती आणि मागचा डिफ त्यात नांगरासारखा रुतला होता. जिप्सीचा डिफ अगदी मध्यावर नाही, एका बाजूला सरकलेला आहे. हे लक्षात ठेवून एका बाजूची चाकं उंचवट्यावर चढवली असती तर मूळ उंचीची गाडीही निघाली असती. नंतर फावड्याने उकरताना हे सुचायला भरपूर वेळ मिळाला.

लिफ्टचा फायदा नाहीच असं म्हणणं नाही. पोट टेकत नाही, आणि मोठ्या टायरला वाव मिळतो. पण बदल्यात काय जातं ते मेसेजमध्ये नाही. स्टेअरिंगला चाकांशी जोडणारा पुढचा ड्रॅग लिंक तिरका होतो, मग खड्ड्यात पाटा दबला की स्टेअरिंग आपोआप वळतं. डिफपर्यंत जोर नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढतो आणि त्याच्या टोकाचे सांधे, म्हणजे क्रॉस, लवकर वाजायला लागतात. पाटे अ‍ॅक्सलच्या वर गेले की जोर लावताना अ‍ॅक्सल पिळतो, पाट्यांना इंग्रजी एससारखा बाक येतो. आणि गाडी उलटायची भीती वाढते ती वेगळीच. जिप्सीची रुंदी 1540 मिलिमीटर, म्हणजे गाडी अरुंदच. हिची आखूड बहीण अमेरिकेत सामुराई या नावाने विकली जायची. 1988 मध्ये तिथल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ मासिकाने ती वळणावर कलते म्हणून तिला ‘अस्वीकारार्ह’ ठरवलं. सुझुकीने 1996 मध्ये दावा लावला, तो 2004 मध्ये तडजोडीने मिटला. चूक कुणाची यावर मी बोलणार नाही, पण हा वाद मूळ उंचीच्या गाडीवरून झाला होता एवढं ध्यानात घ्या. त्यावर आपण सहा इंच चढवणार आणि मग वरंध घाटात आडव्या उतारावर बायको-पोरांना बसवणार.

आता टायर. इथे मेसेज अर्धा बरोबर आहे, कारण डिफ खरोखर वर नेणारी गोष्ट एकच, ती म्हणजे मोठा टायर. फक्त हिशेब करून बघा. जिप्सी किंगचा मूळ टायर 205/70 आर15, त्याचा व्यास साधारण 26.3 इंच. 31 इंची घातला तर व्यास पावणेपाच इंचांनी वाढतो आणि डिफ त्याच्या निम्म्याने, म्हणजे सहा सेंटिमीटरच्या आसपास वर जातो. चांगली गोष्ट आहे. पण चाक 18 टक्के मोठं झालं की गिअर तितकेच लांब होतात. जिप्सीच्या ट्रान्स्फर केसचा (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला जोर वाटणाऱ्या गिअरपेटीचा) लो, म्हणजे सावकाश चालायचा गिअर, 2.268 आहे, 31 इंची टायरवर तो 1.92 असल्यासारखा वागतो. ज्या लो गिअरच्या जिवावर हे छोटं पेट्रोल इंजिन दगडांवरून सावकाश चढतं, नेमकं तेच आपण पैसे देऊन घालवलं. मग क्लच अर्धा दाबून ठेवायचा, त्याचा जळका वास घ्यायचा, नाहीतर वेग घेऊन उडी मारायची. उडी मारून चाक खाली आपटलं की पुढच्या अ‍ॅक्सलमधला सीव्ही जॉइंट, म्हणजे वळणाऱ्या चाकाला जोर पोचवणारा सांधा, तुटतो, कारण तो मूळ टायरच्या मापाने बनवलेला आहे. सामुराईवाले अमेरिकन म्हणूनच मोठ्या टायरबरोबर ट्रान्स्फर केसचे गिअर बदलून 4.16 सारखा लो घालतात. मेसेजमध्ये त्याचं नाव नाही. शिवाय स्पीडोमीटर खोटं बोलतो: काटा 60 वर आणि गाडी 71 ने पळतेय.

मी शेवटी 235/75 आर15 वर आलो. डिफ सव्वातीन सेंटिमीटरच वर गेला, पण गिअर हाताबाहेर गेले नाहीत.

रुंद टायर चिखलात चांगला, हाही एक समज मेसेजच्या पोटात आहे. महिंद्रांनी 1947 पासून मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली, ती साठ अश्वशक्तीची, आणि तिचा टायर 6.00-16, जेमतेम सहा इंच रुंद. कोकणातल्या जांभ्यावरच्या चिखलात खाली कडक थर असतो. अरुंद टायर चिखल कापून तिथे पोचतो, रुंद वरच तरंगतो. सोलापूरकडच्या काळ्या मातीत उलट, तिथे तळच लागत नाही आणि रुंद बरा पडतो. माती बघायची, फोटो नाही. आणि कुठलाही टायर असो, आधी हवा काढा. 25-26 पीएसआयवरून 15 वर आणलेला मूळ टायर फुगवून ठेवलेल्या मड टायरच्या पुढे जातो. खर्च एका हवामापकाचा आणि परत भरायला छोट्या कॉम्प्रेसरचा.

स्नॉर्कल. त्याने फक्त इंजिनची श्वास घ्यायची जागा वर जाते. अ‍ॅक्सललाही ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर करायचं छोटं तोंड, असतो, त्याचं काय? दिवसभर तापलेला डिफ ओढ्यात घातला की आतली हवा आकसते आणि त्या ब्रीदरमधून नाहीतर सीलमधून पाणी आत ओढते. पावसाळ्यानंतर मी डिफचा नट सोडला तेव्हा आतून गिअर ऑइल नाही, थेट टपरीवरचा दुधाळ चहा बाहेर आला. स्नॉर्कल मात्र वर झकास उभा होता. ब्रीदरला इंधनाची साधी नळी जोडून बॉनेटखाली उंच बांधायला काहीशे रुपये लागतात. कार्ब्युरेटरवाली जुनी जिप्सी असेल तर डिस्ट्रिब्युटर भिजला की स्नॉर्कल असून गाडी ओढ्याच्या मधोमध बंद. आणि जिथे पाणी जोरात वाहतंय, तिथे कुठलीही नळी लावून उतरू नका.

विंच आणि बंपरवर फार लिहीत नाही. तारेसकट विंच 35-40 किलोची, बंपर तेवढाच किंवा जड, आणि सगळं पुढच्या पाट्यांच्याही पुढे टांगलेलं. सॉफ्ट टॉप जिप्सीचं स्वतःचं वजन हजार किलोच्या आत. हलकेपणा हीच तिची खरी ताकद. शिवाय कोकणातल्या कातळसड्यावर विंच बांधणार कशाला? झाड नाही, दगड सगळे सुटे. दुसरी गाडी सोबत, चांगला पट्टा, आणि चासीला नीट बोल्ट केलेले हुक. यात बहुतेक प्रसंग निभावतात.

नव्या गाड्या मागे पडतात म्हणे. अरुंद वाटेवर, सैल मातीत पडतातही. पण तिरप्या खड्ड्यात कर्णावरची दोन चाकं (एक पुढचं, दुसऱ्या बाजूचं मागचं) उचलली गेली की जिप्सीचे उघडे, म्हणजे लॉक नसलेले, डिफ सगळा जोर हवेत फिरणाऱ्या चाकाला देतात, आणि डिफ लॉकवाली नवी थार शेजारून निघून जाते. लिफ्टसाठी ताठ पाटे घातले तर चाकं जास्तच लवकर उचलली जातात.

राहता राहिले कागद. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीवर असलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करायचे नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182ए आलं: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पुढच्या लोखंडी गार्डवर तर 2017 पासूनच बंदी आहे. ‘कुणी विचारत नाही’ हे अपघात होईपर्यंत खरं. त्यानंतर विम्याचा माणूस सगळ्यात आधी हेच विचारतो. आणि जिप्सीचं नागरी उत्पादन 2019 मध्ये थांबलं, आणि रस्त्यावरच्या बऱ्याच जिप्सी पंधरा वर्षांच्या पुढच्या आहेत. फिटनेसला त्या निरीक्षकासमोर न्याव्याच लागतात.

तर मेहुण्याला मी काय सांगितलं? पाट्यांचे बुश, शॅकल, किंगपिनचे बेअरिंग, शॉकअप हे सगळं नवं घाल. पुढच्या चाकांच्या हबला फ्री व्हील लॉक (चाक अ‍ॅक्सलला जोडणारे-सोडणारे) असतील तर उतरून हाताने फिरवून बघ, कारण फोर बाय फोर टाकून लॉक उघडे ठेवणारे मी दर पावसाळ्यात बघतो. त्याला ते पटलेलं दिसलं नाही, त्याला उंची हवी होती.

लिफ्टच्या काळातले माझे जुने पाटे अंगणात पडून गंजत होते. गावच्या लोहाराने त्यातल्या एकाचे दोन कोयते करून दिले. धार अजून टिकून आहे.