बत्तीसची एमसीबी बसवण्याआधी वायर बघा

एमसीबी म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच; १६, ३२ हे तिचे अँपियर. तिच्याबद्दल सध्या फिरणारा मेसेज असा: “इंडक्शन लावली की एमसीबी पडते? १६ ची काढा, ३२ ची टाका. वायर बदलायची गरज नाही. ईएलसीबी असेल तर काळजीच नको. वेगळी लाइन म्हणजे वायरमनची कमाई.” आमच्या मावशींनी हे वाचून वायरमनला बोलावलंसुद्धा, म्हणून लिहावं लागतंय.

एमसीबी शेगडीला नाही, भिंतीतल्या वायरला वाचवते. २००० वॅटची शेगडी २३० व्होल्टला ८.७ अँपियर घेते. त्याच लाइनवर ३००० वॅटचा इन्स्टंट गीझर सुरू झाला की एकूण २१.७. आयएस/आयईसी ६०८९८ या मानकानुसार एमसीबीने स्वतःच्या आकड्याच्या १.१३ पटीला तासभर पडायचं नाही आणि १.४५ पटीला तासाच्या आत पडायलाच हवं. १६ च्या एमसीबीसाठी हे आकडे १८.१ आणि २३.२. आपले २१.७ या दोहोंच्या मध्ये, म्हणून ती कधी अर्ध्या तासाने पडते, कधी पडतच नाही. तिला बिघडलेली ठरवू नका, ती नेमून दिलेलं काम करतेय. ३२ ची मात्र ३६ अँपियरलाही तासभर ढिम्म हलणार नाही. जुन्या घरांत किचनच्या प्लगला दीड स्क्वेअरची (म्हणजे दीड चौरस मिलिमीटर जाडीची) वायर सापडते. पाइपातून गेलेली ही तांब्याची वायर जेमतेम १५ अँपियरची. तिच्यावर खरं तर १० ची एमसीबी हवी. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. वायरवरचं साधं पीव्हीसीचं आवरण ७० अंशांपर्यंतचं. ते कडक होतं, तडकतं, तेही प्लास्टरच्या आत, कुणाला न दिसता.

ईएलसीबी, म्हणजे शॉकपासून वाचवणारा स्विच, करंटची गळती पकडते, ओव्हरलोड नाही. विषय संपला.

वायरमनच्या कमाईचं म्हणणं अर्धं खरं आहे, मान्य. एका २००० वॅटच्या शेगडीला चार स्क्वेअरची वायर लागत नाही. अडीच स्क्वेअर तांबं, १६ चा सॉकेट, १६ ची एमसीबी आणि अर्थिंग पुरे; फक्त गीझर त्या लाइनवर नको. ७२०० वॅटचा चार चुलींचा हॉब वेगळा: ३१.३ अँपियर, सहा स्क्वेअर, ३२ ची एमसीबी, प्लग न लावता थेट आयसोलेटरवर (लाइन पूर्ण तोडणाऱ्या स्विचवर). त्याआधी वीजबिलावरचा मंजूर भार तपासा.

आणि कमी लोडलाही एमसीबी पडत असेल तर मेन बंद करून वायरमनला तिचे स्क्रू बघायला सांगा. सैल स्क्रू तापतो, त्याची उष्णता एमसीबीला लागते. टर्मिनल काळं पडलं असेल तर जळका भाग कापून नव्याने जोडायचा आणि एमसीबी बदलायची, त्याच आकड्याची.