माल्टाला स्वातंत्र्य 'फुकटात' मिळालं म्हणे!

शाळेच्या ग्रुपवर तो माल्टावाला फॉरवर्ड परत आलाय. तिसऱ्यांदा. ज्यांच्यापर्यंत अजून पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: भूमध्य समुद्रात माल्टा नावाचा इवलासा देश आहे, तिथल्या लोकांनी ब्रिटिशांना हाकलायचं सोडून उलट 77 टक्के मतं देऊन "आम्हाला तुमच्यातच घ्या" म्हटलं, ब्रिटननंच नको म्हटलं, मग 1964 ला रक्ताचा एक थेंबही न सांडता स्वातंत्र्य हातावर ठेवून गोरे निघून गेले, देश लहान, धर्म एकच, त्यामुळे ना मोर्चे ना राडे, सगळे गुण्यागोविंदानं राहिले आणि आज युरोपात श्रीमंत होऊन बसलेत. खाली हात जोडलेला इमोजी आणि "आपण यातून काय शिकणार?"

मी नुसतं "खोटं आहे" लिहिलं तर आमच्यातलाच एक म्हणाला, अरे मग कुठलं खोटं ते सांग ना. बरोबर आहे त्याचं. घ्या मग एकेक.

"77 टक्के लोकांना ब्रिटनमध्ये जायचं होतं"

आकडा खरा आहे, म्हणूनच फसायला होतं. 11 आणि 12 फेब्रुवारी 1956 ला सार्वमत झालं आणि 67,607 लोकांनी हो म्हटलं, म्हणजे पडलेल्या वैध मतांच्या 77 टक्के. पण विरोधातल्या नॅशनॅलिस्ट पक्षानं बहिष्कार टाकला होता आणि कॅथलिक चर्चला धास्ती, की प्रोटेस्टंट ब्रिटनमध्ये विलीन झालो तर आपलं काय, त्यामुळे मतदान झालं जेमतेम 59 टक्के. नोंदलेले मतदार दीड लाखाच्या वर. म्हणजे हो म्हणणारे निघाले 44 टक्क्यांच्या आसपास, आता यातून जनतेचा कौल कुठला काढायचा ते तुम्हीच ठरवा.

आणि हो म्हणणाऱ्यांना काय राणीच्या प्रेमाचं भरतं आलेलं नव्हतं हो. पोटाचा प्रश्न होता. बेटावर मोठा रोजगार एकच, ब्रिटिश नौदलाचं डॉकयार्ड. लेबर पक्षाचा डॉम मिंटॉफ 1955 ला पंतप्रधान झाला तेव्हा अजून चाळिशीही गाठली नव्हती त्यानं, ऑक्सफर्डला शिकलेला, तोंडाचा फटकळ. त्याचं म्हणणं सरळ होतं, की आमच्या बंदरावर तुमचं आरमार पोसलं जातं तर आमच्या कामगारालाही हळूहळू तुमच्या कामगाराइतका पगार आणि तशाच सोयी द्या, आणि लंडनच्या संसदेत आमचे तीन खासदार घ्या. लंडननं सुरुवातीला तत्त्वतः होही म्हटलं होतं. पण पैशाशी गोष्ट आली आणि घोडं पेंड खायला लागलं. त्यात 1957 ला ब्रिटननं संरक्षणखर्चाला कात्री लावायला घेतली, डॉकयार्डच्या नोकऱ्याच धोक्यात आल्या. झालं, विलीनीकरण मागणारा हाच मिंटॉफ वर्षभरात ब्रिटनशी संबंध तोडायची भाषा बोलायला लागला. फॉरवर्डमध्ये हा पुढचा भाग नाही. पहिली रीळ दाखवून सिनेमा संपला म्हणायचं, असला प्रकार आहे.

"रक्ताचा एक थेंब नाही"

7 जून 1919. महायुद्ध नुकतंच संपलेलं, पावाचे भाव गगनाला भिडलेले, गव्हाच्या व्यापाऱ्यांनी हात धुऊन घेतले असा लोकांचा राग, डॉकयार्डात माणसं कमी करायला घेतलेली. त्या दिवशी राजधानी व्हॅलेटात नॅशनल असेंब्लीची बैठक होती, स्वराज्याची घटना मागायला जमलेली मंडळी, आणि बाहेर गर्दी. ब्रिटिश झेंडे खाली ओढले गेले, पिठाच्या गिरणीमालकांच्या घरांत लोक घुसले, सैनिकांनी गोळ्या झाडल्या. चार जण गेले, त्यातला एक तर दुसऱ्या दिवशी संगिनीनं भोसकला गेला आणि मग काही दिवसांनी वारला. याला ते लोक 'सेत्ते जून्यो' म्हणतात, सात जून. त्यानंतर दोन वर्षांत, 1921 ला, पहिलं स्वराज्य मिळालं. तेही टिकू दिलं का? 1930 ला घटना स्थगित, मग चालू, 1933 ला परत स्थगित. नळाचं पाणी सोडावं तसं स्वराज्य सोडायचे आणि बंद करायचे.

पुढे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांचा तळ म्हणून जर्मनी-इटलीनं या बेटावर बाँब ओतले, दीड हजाराच्या आसपास साधी माणसं मेली. माल्टाच्या झेंड्याच्या कोपऱ्यात जो क्रॉस दिसतो ना, तो त्यासाठीचा, 1942 ला राजा सहाव्या जॉर्जनं अख्ख्या बेटाला दिलेलं शौर्यपदक. फॉरवर्डमध्ये तोच झेंडा लावून वर लिहिलंय रक्ताचा थेंब नाही!

आणि मोर्चे नाहीत म्हणता, तर 1958 च्या एप्रिलमध्ये मिंटॉफनं राजीनामा दिला, 28 तारखेला सगळं बेट बंद, रस्त्यावर दगडफेक, जाळपोळ, गव्हर्नरनं आणीबाणी लावली, घटना परत गुंडाळली आणि 1962 पर्यंत लंडनहून थेट कारभार चालवला.

"1964 ला ब्रिटिश निघून गेले"

हे वाचून मला हसू आलं. कुठे गेले? 21 सप्टेंबर 1964 ला झेंडा बदलला खरा, पण राष्ट्रप्रमुख राणीच, गव्हर्नर जनरल आधीचाच इंग्रज गव्हर्नर, आणि दहा वर्षांचा संरक्षण करार करून आरमार आणि सैन्य तिथल्या तिथे. बदल्यात दहा वर्षांत पाच कोटी पौंडांची मदत.

त्याच वर्षी मे महिन्यात या स्वातंत्र्याच्या घटनेवरही सार्वमत झालं होतं. हो म्हणणारे 65,714, नाही म्हणणारे 54,919. वरचा आकडा आठवतोय का? विलीनीकरणाला हो म्हणणारे 67,607 होते. स्वातंत्र्याला त्याहून कमी! कारण या वेळी लेबरवाले विरोधात होते, त्यांना स्वातंत्र्य हवंच होतं पण हे असलं तळ ठेवून आणि चर्चचे लाड कायम ठेवून दिलेलं नको होतं.

मग 1971 ला मिंटॉफ एका जागेच्या बहुमतावर परत आला आणि त्यानं जे केलं ते एखाद्या हट्टी घरमालकानं करावं तसं होतं. आल्या आल्या इंग्रज गव्हर्नर जनरलला निरोप दिला, नाटोच्या तिथल्या इटालियन ॲडमिरलला चालतं व्हा सांगितलं, आणि ब्रिटनला म्हणाला भाडं वाढवा नाहीतर सामान उचला. ब्रिटिशांनी खरंच सामान बांधायला घेतलं, बायकापोरं विमानानं पाठवायला लागले, आणि शेवटी मार्च 1972 ला करार झाला, वर्षाला 1 कोटी 40 लाख पौंड, तळ फक्त 31 मार्च 1979 पर्यंत. (हा तळ किती जुना? 1878 मध्ये रशियाला धाक दाखवायला सुमारे सात हजार हिंदी सैनिक मुंबईहून जहाजात भरून इथेच आणून उतरवले होते. म्हणजे त्या बंदराच्या गोष्टीत आपलीही माणसं आहेत.) मधे 13 डिसेंबर 1974 ला देश प्रजासत्ताक झाला, आणि 31 मार्च 1979 च्या मध्यरात्री बिर्गूच्या धक्क्यावर ब्रिटिश झेंडा उतरला, शेजारच्या लिबियाचा गद्दाफीही हजर होता त्या सोहळ्याला. आज तिथे ब्राँझचे पुतळे आहेत, त्यात ब्रिटिश खलाशी आणि माल्टीज कामगार हात मिळवून निरोप घेतायत. भांडून भाडं वसूल केलं, आणि पुतळा मात्र दोस्तीचा!

आता सांगा, स्वातंत्र्यदिन कुठला? नॅशनॅलिस्ट म्हणणार 21 सप्टेंबर, तो आमच्या तेव्हाच्या पंतप्रधानानं, बोर्ज ऑलिव्हिएनं आणला. लेबर म्हणणार ते काय स्वातंत्र्य, खरं तर 31 मार्च. शेवटी 1989 ला तोडगा काढला तो असा की पाचही राष्ट्रीय दिन: 31 मार्च, 7 जून, 8 सप्टेंबर (जुन्या लढायांतला विजयदिन), 21 सप्टेंबर, 13 डिसेंबर. गणपती एक, मंडळं पाच.

"एकच धर्म, म्हणून भांडणच नाही"

हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकला. एकच धर्म होता म्हणून तर भांडण घराघरात शिरलं. 1961 च्या एप्रिलमध्ये आर्चबिशप गोंझी यांनी लेबर पक्षाच्या कार्यकारिणीला धर्मानं वाळीत टाकलं. वाळीत हाच शब्द बरोबर आहे, आपल्याकडे जातपंचायतीनं टाकायचे तसं. लेबरचा पेपर वाचणं, विकणं, त्यात जाहिरात देणं म्हणजे महापाप. लेबरवाल्यांची लग्नं चर्चच्या मुख्य वेदीसमोर नाही लागायची, आतल्या खोलीत गुपचूप उरकायची. लेबरची सभा सुरू झाली की शेजारच्या चर्चची घंटा बडवायला घ्यायची, भाषण ऐकूच येऊ नये म्हणून. पक्षाचा उपनेता आणि लेखक जुझे एल्लुल मेर्सेर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वारला, तर त्याला दफनभूमीच्या पवित्र भागात जागा मिळाली नाही, बाजूच्या तुकड्यात पुरला. त्या तुकड्याला लोक 'मिझ्ब्ला' म्हणायचे, म्हणजे उकिरडा. हे 1969 पर्यंत चाललं. गंमत अशी की हेच गोंझी 1921 मध्ये लेबर पक्षाचे सिनेटर होते.

पुढे लेबरनंही उट्टं काढलं बरं का, त्यांना साधू समजू नका. ऑक्टोबर 1979 ला मिंटॉफवर हल्ल्याचा प्रयत्न झाला अशी बातमी पसरली आणि त्याच्या समर्थकांनी 'टाइम्स ऑफ माल्टा'ची इमारत जाळली, विरोधी नेता फेनेक अदामी याच्या घरात घुसून बायकोला मारहाण केली. 1981 च्या निवडणुकीत नॅशनॅलिस्टांना 50.9 टक्के मतं आणि 31 जागा, लेबरला 49.1 टक्के आणि 34 जागा. मतं जास्त आणि जागा कमी, कारण मतदारसंघांच्या रेघा. विरोधक 1983 पर्यंत संसदेतच गेले नाहीत. 1984 ला चर्चच्या शाळांवरून वाद पेटला तेव्हा डॉकयार्डचे कामगार आर्चबिशपच्या कचेरीत घुसून मोडतोड करून आले, आणि डिसेंबर 1986 ला गुद्या गावात नॅशनॅलिस्टांच्या क्लबवर गोळीबार होऊन रेमंड कारुआना हा तरुण कार्यकर्ता मेला. मग 1987 च्या सुरुवातीला दोन्ही पक्षांनी बसून घटना बदलली, ज्याला निम्म्याहून जास्त मतं त्याला बहुमतापुरत्या वाढीव जागा, आणि त्या बदल्यात मिंटॉफला हवी होती ती देशाची अलिप्तताही घटनेत घातली. त्याच वर्षी निवडणुकीत पुन्हा तेच, 31 विरुद्ध 34, पण या वेळी नॅशनॅलिस्टांना चार जागा वाढवून मिळाल्या आणि सत्ता शांतपणे बदलली. फॉरवर्डला कौतुकच करायचं होतं तर याचं करायचं होतं.

"आज युरोपात श्रीमंत"

श्रीमंत आहेत, मान्य. पण युरोपियन युनियनमध्ये जातानाही तीच कुस्ती. मार्च 2003 च्या सार्वमतात 53.6 टक्के हो म्हणाले, तर लेबरचा नेता आल्फ्रेड सांत म्हणतो, नोंदलेल्या मतदारांच्या निम्मेही नाहीत, म्हणजे आम्हीच जिंकलो! 1956 ला समोरचा पक्ष हेच गणित मांडत होता. पुढच्याच महिन्यात निवडणूक झाली, सांत हरला, आणि 1 मे 2004 ला देश आत गेला.

आणि श्रीमंतीचा एक भाग पासपोर्ट विकून आला, 2014 पासून, ती योजना शेवटी एप्रिल 2025 मध्ये युरोपच्या न्यायालयानं बेकायदा ठरवली. या सगळ्या व्यवहारांवर लिहिणारी पत्रकार दाफ्ने कारुआना गालिझिया 16 ऑक्टोबर 2017 ला घराजवळच गाडीतल्या बाँबनं मारली गेली. 2019 च्या शेवटी याच खुनावरून व्हॅलेटाच्या रस्त्यांवर आठवडेच्या आठवडे लोक उतरले आणि जानेवारी 2020 ला पंतप्रधान जोसेफ मस्कात पायउतार झाला. त्याआधी बराच काळ रोजचा एक खेळ चालला होता: न्यायालयासमोरच्या स्मारकाच्या पायथ्याशी लोक दाफ्नेचा फोटो, फुलं, मेणबत्त्या ठेवायचे, सरकारी सफाईवाले येऊन सगळं उचलून न्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी लोक पुन्हा आणून मांडायचे.

ना मोर्चे ना राडे म्हणे.