उद्धरणं मोजलीत, पाखाडी राहिली

हाडं ठिसूळ होण्याच्या आजारावर, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसवर, काम करणाऱ्या इंग्लंडमधल्या शेफील्डच्या प्रा. जॉन कॅनिस यांच्यावरचा तुमचा लेख वाचला. त्यांचे शोधनिबंध किती जणांनी उद्धृत केले ते आकडे ठीक, पण गुहागरकडच्या आमच्यासारख्यांना त्या कामाचा उपयोग काय, हे एका ओळीत उरकलंत.

आमची आत्या चार वर्षांपूर्वी श्रावणात पाखाडीवर, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवर, शेवाळावरून घसरली आणि खुबा मोडला. त्याआधी दोनदा मनगट मोडलं होतं. दोन्ही वेळा प्लास्टर घातलं, कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, संपलं. तिच्या आईचाही खुबाच मोडलेला, पण ते कोणी विचारलंच नाही.

१९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेने टी-स्कोअर (तरुण, निरोगी माणसाच्या तुलनेत हाडांची घनता किती कमी-जास्त, तो आकडा) उणे २.५ किंवा त्याहून खाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, अशी व्याख्या केली. त्या अभ्यासगटात कॅनिस होते. पण स्कोअरसाठी डेक्सा, म्हणजे क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजणारं मशीन लागतं, आणि आम्हाला त्यासाठी कोल्हापूर गाठावं लागलं. म्हणून मला त्यांचं २००८ चं ‘फ्रॅक्स’ हे धोका मोजायचं ऑनलाइन गणित जास्त मोलाचं वाटतं. वय, वजन, उंची, आधीचं फ्रॅक्चर, आईवडिलांचा मोडलेला खुबा, स्टिरॉइड, धूम्रपान वगैरे भरलं की पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याचा धोका टक्क्यांत कळतो. डेक्साचा आकडा नसला तरी चालतं! भारतासाठी वेगळं गणितही त्यात आहे. एवढं तर गावातला डॉक्टर मोबाईलवर करू शकतो.

आत्याचं मत वेगळं. ‘पाखाडीवर ब्लीचिंग पावडर टाका म्हणून जूनपासून ओरडत होते मी,’ म्हणते.