दोन वर्षांत मोडलेल्या बँडविषयी, रागाच्या भरात

आज दुपारी आम्ही एका मित्राकडे जेवायला गेलो होतो. जेवणानंतर कुणीतरी सहज विचारले म्हणून माझी लेक तिच्या बँडबद्दल सांगू लागली. तिला आणि तिच्या मैत्रिणींना स्का हे नाचऱ्या तालाचे संगीत वाजवायचे आहे आणि ऑपरेशन आयव्ही हा जुना अमेरिकन बँड त्यांचा आदर्श आहे, असे ती म्हणाली. तिथे बसलेल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी लगेच फोनवर ते नाव शोधले, दोन ओळी वाचल्या आणि फोन खिशात टाकत म्हणाले, "अगं, हे तर दोन वर्षांतच मोडले की! आदर्श घ्यायचा तर काही करून दाखवलेल्यांचा घ्यावा." लेक गप्प झाली. तिचे ते गप्प होणे माझ्या डोक्यातून जात नाही. वयाचा मान राखून मी तिथे काही बोलले नाही, पण इथे बोलणार आहे.

मे १९८७. बर्कली आणि तिला लागून असलेले ऑल्बनी ही गावे आम्ही राहतो त्या कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टपासून गाडीने तासाभराच्या आत येतात. तिथल्या विशीच्या आगेमागे असलेल्या चार मुलांनी हा बँड उभा केला. जेसी मायकल्स गायचा, टिम आर्मस्ट्राँग गिटार वाजवायचा, मॅट फ्रीमन बेस आणि डेव्ह मेलो ड्रम. टिम आणि मॅट ऑल्बनीचे, अगदी लहानपणापासूनचे दोस्त. सराव मेलोच्या घरच्या गॅरेजमध्ये चाले. बँडचे नाव त्यांनी अमेरिकेने १९५२ मध्ये मार्शल बेटांवर केलेल्या अणुचाचण्यांच्या मालिकेवरून घेतले. त्या मालिकेतल्या पहिल्याच स्फोटात, १ नोव्हेंबरला, एलुगेलाब नावाचे आख्खे बेट समुद्रातून नाहीसे झाले होते. कोणत्या गोष्टीवर चिडायचे याची ज्यांना इतक्या लवकर जाण आली, त्या मुलांना "काही करून न दाखवलेली" म्हणायला जीभ कशी वळते, हे मला खरोखर समजत नाही.

स्का मूळचा जमैकाचा, १९५० च्या दशकाच्या अखेरीला जन्मलेला. एक-दोन-तीन-चार असे मोजताना आपण जिथे टाळी देतो, तिथे स्काची गिटार गप्प राहते आणि दोन टाळ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, तारांवरून हात खालून वर नेत, तुटक वाजते. म्हणून ऐकणाऱ्याचे पाय आपोआप उचलले जातात. १९७९ च्या सुमारास इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीच्या काळ्या आणि गोऱ्या मुलांनी एकत्र येऊन तो पुन्हा उचलला. ऑपरेशन आयव्हीने त्यात पंकचा, म्हणजे बंडखोर रॉक संगीताचा, वेग आणि आरडाओरडा मिसळला. असे करणारे ते जगातले पहिलेच होते असा माझा दावा नाही, पण पुढच्या पिढीने हे मिश्रण ज्यांच्याकडून उचलले ते हेच.

आता गिलमनबद्दल, कारण त्या जागेशिवाय या बँडला इतिहासच नाही. बर्कलीतल्या ९२४ गिलमन स्ट्रीटवर एका गोदामात ३१ डिसेंबर १९८६ रोजी हा क्लब सुरू झाला. 'मॅक्झिमम रॉक अँड रोल' हे पंक नियतकालिक चालवणारे टिम योहॅनन आणि त्यांच्या सोबत्यांनी तो उभा केला. काम सगळे स्वयंसेवकांचे, दारू नाही आणि प्रवेशाला वयाची अट नाही. इथेच खरी मेख आहे. अमेरिकेत बँड वाजतात ते बहुतेक बारमध्ये आणि बारमध्ये एकवीस वर्षांखालच्यांना दार बंद असते. म्हणजे ज्या वयात माणूस संगीताने पेटून उठतो, नेमक्या त्याच वयात त्याला ऐकायलाही जागा नसते आणि वाजवायलाही नसते.

लेकीला घेऊन मी गिलमनला पहिल्यांदा गेले, तेव्हा मनातून धास्तावलेलीच होते. दारात एक मुलगा बसला होता, माझ्या लेकीपेक्षा फार तर दोन वर्षांनी मोठा. त्याने आमची सभासद कार्डे लिहिली आणि भिंतीकडे बोट दाखवून म्हणाला, "आधी ते वाचा." भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवले होते: वंशद्वेष नाही, बायकांचा अपमान नाही, समलिंगींचा द्वेष नाही, मारामारी नाही, दारू नाही, अमली पदार्थ नाहीत. आत सिमेंटची जमीन, लिहून-चिकटवून भरलेल्या भिंती, बास्केटबॉलची रिंग आणि कुणीही सहज चढावे इतका बुटका मंच. लेक तिथे अशी वावरत होती जणू रोज येते. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले आणि हळूहळू माझी धास्ती ओसरली.

त्या बुटक्या मंचावर ऑपरेशन आयव्ही वाढला. जानेवारी १९८८ मध्ये 'हेक्टिक' ही सहा गाण्यांची छोटी तबकडी आली. ती काढली लुकआउट नावाच्या, लॅरी लिव्हरमोर आणि डेव्हिड हेज यांच्या नवख्या कंपनीने. त्याच वर्षी ही मुले एका जुन्या क्रायस्लर गाडीत वाद्ये कोंबून अमेरिकाभर वाजवत फिरली. १९८९ मध्ये 'एनर्जी' ही मोठी तबकडी आली, एकोणीस गाण्यांची. तिचे रेकॉर्डिंग आधी गिलमनमध्येच करून पाहिले होते, ते जमले नाही, मग सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टुडिओत ते पूर्ण झाले. आज जी एकत्रित आवृत्ती मिळते तिच्यात अवघी २७ गाणी आहेत. मॅटचा बेस त्यांत नुसती साथ करत नाही, गिटारच्या पुढे धावतो. आणि जेसी? श्वास संपेपर्यंत ओरडतो आणि तरी त्यातला शब्द न् शब्द माणसांनी एकमेकांशी कसे वागावे याबद्दलचा असतो. माझ्या लेकीला ही गाणी तोंडपाठ आहेत. यातले काहीही त्या गृहस्थांच्या दोन ओळींत नव्हते.

गिलमनमध्ये सगळे गोडीगुलाबीचे होते असे नाही, हे कबूल. नाझी विचारांची टोळकी तिथे येऊन मारामाऱ्या करत असत आणि १९८८ मध्ये क्लब काही काळ बंदही पडला. पण तो पुन्हा उघडला तो तिथे येणाऱ्या मंडळींनीच.

आणि मग २८ मे १९८९. गिलमनमध्ये शेवटचा जाहीर कार्यक्रम, क्लब खच्चून भरलेला. त्याच रात्री दुसऱ्या एका बँडने आपल्या नव्या नावाने पहिल्यांदा वादन केले. ते नाव ग्रीन डे, पुढे जगभर गाजलेले. मोठी तबकडी नुकतीच आलेली, गर्दी वाढत चाललेली, आणि नेमक्या त्या क्षणी हे चौघे थांबले. आपण ज्यासाठी सुरू केले ते या वाढत्या पसाऱ्यात हरवेल, असे त्यांना आणि विशेषतः जेसीला वाटत होते. कुणी हाकलले नव्हते, कुणी फसवले नव्हते. महाविद्यालयात असताना ज्यांनी एकांकिका केल्या आहेत, त्यांना मी विचारते: तुमचा गट पदवीनंतर पांगला म्हणून त्या एकांकिका फसल्या होत्या का?

हे थांबणे सगळ्यांना सोपे गेले नाही, हेही लिहायला हवे. टिम आर्मस्ट्राँग पुढे दारूच्या आहारी गेला आणि त्याला त्यातून बाहेर काढण्यासाठी मॅटने पुन्हा बँड सुरू करण्याचा आग्रह धरला. त्यातून १९९१ मध्ये रॅन्सिड उभा राहिला. पण म्हणून ऑपरेशन आयव्ही ही रॅन्सिडची रंगीत तालीम होती, असे जे सर्रास लिहिले जाते त्याचा मला मनस्वी राग येतो. ग्रीन डेने १९९० मध्ये यांचे एक गाणे स्वतः रेकॉर्ड केले, ते काय तालमीचे गाणे म्हणून? रॅन्सिड मला आवडतो. तरीही पुढे जे प्रसिद्ध झाले त्यांच्यासाठी आधीच्यांनी फक्त पायरी व्हावे, हा हिशेबच मला मान्य नाही.

पैशांचेही ऐका, कारण "काही करून दाखवणे" म्हणताना त्या गृहस्थांच्या मनात पैसेच असावेत. लुकआउटकडून मानधन थकत गेले, तेव्हा २००६ मध्ये बँडने आपली गाणी तिथून काढून घेतली आणि पुढच्या वर्षी ती टिमच्याच हेलकॅट या लेबलवरून पुन्हा आली. लुकआउट २०१२ मध्ये बंद झाली. चालवणारी कंपनी गेली, बँड तर तेवीस वर्षांपूर्वीच संपला होता, आणि तरी माझी लेक मैत्रिणींबरोबर त्याच गाण्यांवर हात बसवते आहे.

त्या पहिल्या संध्याकाळी कार्यक्रम संपल्यावर दारातला तो मुलगा आमच्याकडे आला आणि त्याने लेकीच्या हातात झाडू दिला. घरी स्वतःचे ताट उचलायला जिला तीनदा सांगावे लागते, त्या माझ्या मुलीने निम्मी जमीन न कुरकुरता झाडली. परतीच्या वाटेवर गाडीत तिने विचारले, "आई, आम्ही कुठे वाजवायचे?" एवढ्या श्रीमंत भागात मला तिला एक जागा सांगता येईना. एका सभागृहात चौकशी केली तर त्यांनी आधी विम्याची कागदपत्रे मागितली आणि मग ढोलताशाही नको, ड्रमही नको असे सांगितले. आपण इथल्या मराठी मंडळात दरवर्षी मुलांना मंचावर उभे करतो, पण त्यांनी काय वाजवायचे ते आपणच ठरवतो.

तूर्त आम्ही गॅरेज रिकामे केले आहे. येत्या शनिवारी संध्याकाळी सहा वाजता मुली वाजवणार आहेत. शेजाऱ्यांना सांगून ठेवले आहे, नऊच्या आत सगळे बंद होईल. कोणत्याही वयाच्या मुलांना घेऊन या. कुणाकडे जास्तीचा मायक्रोफोन आणि स्टँड असेल तर निरोप द्यावा, मी येऊन घेऊन जाईन. कार्यक्रमानंतर झाडायला दोन माणसे लागतील.