गाडीला फिरवून आणतो

आमच्या सोसायटीत सकाळी कुत्री फिरवणारे चौघे आहेत. मी पाचवा. मी गाडी फिरवतो.

ऑफिसला जायला वनाजहून मेट्रो आहे, भाजीला स्कूटर आहे, त्यामुळे गाडी बिचारी पार्किंगमध्ये कव्हर पांघरून पडलेली. गेल्या पावसाळ्यात लग्नाला निघालो. बायको पैठणीत, मी झब्ब्यात. सेल्फ मारला. टक्. टक्. टक्. डॅशबोर्डवरचे दिवे तेल संपलेल्या समईसारखे मिणमिणले आणि विझले.

‘बॅटरी बसली. सेकंडवर टाका, धक्का मारू,’ दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले आणि स्वतः बाजूला उभे राहिले. वॉचमननं पार्किंगला तीन चकरा मारल्या, गाडीनं एकदा ढेकर दिला. पैठणी रिक्षानं गेली.

मेकॅनिकनं मीटर लावला. साडेअकरा व्होल्टसुद्धा भरेना. ‘साहेब, साडेबाराच्या वर पाहिजे. कधी चालवता?’

‘दर रविवारी चालू करतो की! दोन मिनिटं, जागेवरच.’ त्या दोन मिनिटांत मी एसी लावून एक गाणंही ऐकायचो, हे सांगितलं नाही.

त्यानं माझ्याकडे फार करुणेनं पाहिलं. ‘तेच नका करू. सेल्फ जेवढं ओढतो तेवढंही दोन मिनिटांत भरून येत नाही. वर गाडी उभी असली तरी थोडं थोडं खातच असते. घड्याळ, सायरन, रिमोटचं लॉक. अर्धा तास रस्त्यावर पळवा.’

म्हणजे माझी औषधंच पेशंटला मारत होती.

तेव्हापासून दर रविवारी साडेसहाला आम्ही दोघं, म्हणजे मी आणि गाडी, चांदणी चौक ओलांडून भूगावला जातो. बॅटरी पोटभर जेवते. समोर बसून तिला जेवताना बघणं बरं दिसत नाही, म्हणून मीही मिसळ घेतो. बायकोनं हिशेब मांडलाय: नवी बॅटरी पाच हजारांची, वर्षाचं पेट्रोल आणि मिसळ मिळून त्याच्या कितीतरी पुढे. पण शास्त्र हे शास्त्र.

दिवाळीत पंधरा दिवस गावी जायचं होतं. मेकॅनिकच्या सांगण्यावरून बॅटरीच्या वायरी सोडवायला दहा नंबरचा पाना आणला. काढताना आधी काळी वायर, लावताना आधी लाल, हे मंत्रासारखं घोकलं. नुसती काळी काढली तरी भागतं, तेवढीच काढली. टर्मिनलवरचा पांढरा फुलोरा गरम पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशनं घासला. स्वतःचे दात मी इतके मन लावून कधी घासले नव्हते. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून आपली चालू करायची जंपर केबलही घेऊन डिकीत ठेवली. आता काय बिशाद!

परतल्यावर रात्री काळी वायर जोडली, पाना सीटखाली गेला, तो आतला दिवा लावून शोधला. सापडल्याच्या आनंदात घरी गेलो.

दिवा रविवारपर्यंत तेवत होता की त्याआधीच गेला, ठाऊक नाही. किल्ली फिरवली, तर ‘टक्’सुद्धा नाही. घाबरलो नाही. केबल होती ना! डिकीचं बटण दाबलं. आमची डिकी बॅटरीवर उघडते.

मागची सीट पाडली आणि पोटावर सरपटत डिकीत शिरलो. पाय दाराबाहेर. केबल हाताला लागतेय न लागतेय तोच तळपायाला काहीतरी ओलं, गार लागलं. शेजाऱ्यांचा लॅब्राडॉर हुंगत होता.

‘काय,’ शेजारी म्हणाले, ‘आज फिरायला येत नाही म्हणतेय?’